जुन्या घडणीचा हंबकर पिकअप घरी कसा बांधावा

गिब्सन कंपनीने १९५७ ते १९६२ या काळात आपल्या गिटारांवर बसवलेल्या हंबकर पिकअपच्या (म्हणजे गिटारच्या तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या, तारेच्या दोन गुंडाळ्यांच्या भागाच्या) पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे 'पेटंटसाठी अर्ज केला आहे', असे छापलेली छोटी पट्टी चिकटवलेली असे. त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते पिकअप आजही 'पीएएफ' या नावाने ओळखले जातात. मूळ नगासाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात, त्यामुळे तो आवाज हवा असलेल्या सामान्य वादकापुढे उरणारा मार्ग म्हणजे त्याच घडणीचा पिकअप स्वतः बांधणे. मी बांधलेले पहिले तीन पिकअप वाया गेले आणि ते का वाया गेले हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. तुमचे ते वर्ष वाचावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पिकअपच्या वर्णनात जिथे तिथे किलोओहमचा, म्हणजे विद्युत रोधाचा, आकडा दिलेला असतो आणि नवखा माणूस त्याच्याच मागे लागतो. पण आवाज ठरतो तो तारेचे वेढे, चुंबक, पोलाद आणि कव्हरचा धातू यांच्यावरून. ओहम ही केवळ तपासणीची खूण आहे.

१. मूळ वस्तू समजून घ्या

हा पिकअप सेथ लव्हर या अभियंत्याने अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू येथील गिब्सनच्या कारखान्यात तयार केला. त्याआधीच्या पी-९० या एकाच कॉइलच्या (तारेच्या गुंडाळीच्या) पिकअपमध्ये घरातल्या विजेची घरघर थेट शिरत असे. अॅम्प्लिफायरमधली घरघर मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चोक कॉइलची युक्ती पिकअपलाही लागू करता येईल, असे लव्हर यांच्या लक्षात आले. पेटंटसाठीचा अर्ज २२ जून १९५५ रोजी दाखल झाला आणि २,८९६,४९१ क्रमांकाचे पेटंट २८ जुलै १९५९ रोजी मिळाले. पुढे पट्टीवर पेटंटचा क्रमांक छापला जाऊ लागला तेव्हा त्यावर २,७३७,८४२ हा भलताच क्रमांक आला. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची खालची टोके धरणाऱ्या भागाच्या) पेटंटचा आहे. जुना पिकअप विकत घेताना हा क्रमांक पाहून 'पट्टी बनावट आहे' असा निष्कर्ष काढू नका. खऱ्या पट्टीवरही तोच क्रमांक असतो.

तत्त्व सोपे आहे. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीच्या खांबांवर (प्रत्येक तारेखाली येणाऱ्या पोलादी दांड्यांवर) चुंबकाचा उत्तर ध्रुव आणि दुसरीच्या खांबांवर दक्षिण ध्रुव आणायचा, आणि त्या एकमेकींना उलट्या जोडायच्या. बाहेरून येणारी घरघर चुंबकाला जुमानत नाही, ती दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते आणि उलट्या जोडणीमुळे एकमेकींना मारते. गिटारच्या तारेच्या कंपनातून निर्माण होणारा संकेत मात्र ध्रुव आणि जोडणी असा दोनदा उलटा होतो, म्हणून त्याची बेरीज होते. अमेरिकेत ही घरघर ६० हर्ट्झची असते आणि आपल्याकडे ५० हर्ट्झची. पिकअपला त्याने काही फरक पडत नाही.

२. साहित्य आणि अवजारे जमवा

पुढील साहित्य एकदमच आणून ठेवा, कारण अर्धवट बांधलेला पिकअप टेबलावर पडून राहिला की बारीक तारा हमखास तुटतात.

- ब्युटिरेट प्लास्टिकच्या दोन बॉबिनी (ज्यांवर तार गुंडाळायची ते साचे), एक स्क्रूची आणि एक स्लगची. पहिल्या ते सहाव्या खांबाचे अंतर दोन्हींत सुमारे ४९ मिमी असावे. ब्रिजसाठीच्या (गिटारच्या तारा खालच्या बाजूला जिथे टेकतात तिथल्या पिकअपच्या) आधुनिक बॉबिनीत ते ५२ मिमीच्या पुढे असते. चुकून तसली बॉबिन घेतली तर जुन्या मापाचे कव्हर बसत नाही.
- सहा स्क्रू आणि सहा स्लग, म्हणजे छोटे दंडगोल. दोन्ही कमी कार्बनच्या मऊ पोलादाचे हवेत. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चकचकीत दिसतात, पण इथे चालत नाहीत.
- ६३.५ मिमी लांब, १२.७ मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाडीचा अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल वगैरेंच्या मिश्रधातूचा) चुंबक.
- स्क्रूखाली बसणारी पोलादी कीपर पट्टी आणि स्लगच्या बाजूला आधार देणारी मेपल लाकडाची पट्टी.
- जर्मन सिल्व्हरची तळपट्टी, त्याच धातूचे निकेलचा मुलामा दिलेले कव्हर आणि पितळेचे चार छोटे स्क्रू.
- ४२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचा अमेरिकी क्रमांक) जाडीची साध्या एनॅमलची तांब्याची तार. एका कॉइलला सुमारे ७०० मीटर लागते, म्हणून तुटफूट धरून निदान २,००० मीटर घ्या.
- वर धातूची जाळी आणि आत कापडी वेष्टन असलेली एका वाहकाची वायर, काळी कागदी टेप आणि सोल्डर.
- वेढे मोजणारे यंत्र, मल्टिमीटर, होकायंत्र, बारीक पॉलिश पेपर, भिंग आणि ४० ते ६० वॉटचे सोल्डरिंग आयर्न.

वेढे गुंडाळण्यासाठी परदेशी यंत्र मागवण्याची गरज नाही. पंखे आणि मोटारी रिवाइंड करणारे कारागीर हाताने फिरवायचे जे छोटे यंत्र वापरतात, ते विजेच्या सामानाच्या बाजारात मिळते आणि त्यावर आकडा दाखवणारा काउंटरही असतो. फक्त दांडा एकदा फिरवल्यावर आस किती वेळा फिरते आणि काउंटर नेमके काय मोजतो, हे दहा फेऱ्या फिरवून आधी तपासून घ्या.

कव्हरबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वस्त कव्हर बहुधा पितळेचे असते आणि त्यावर निकेलचा मुलामा असल्याने बाहेरून फरक कळत नाही. पितळेत चक्राकार विद्युत प्रवाह जास्त निर्माण होतात आणि वरच्या पट्टीतला तजेला निघून जातो. कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात सुईने बारीक ओरखडा काढून पाहा: खाली पिवळा रंग दिसला तर ते पितळ. जर्मन सिल्व्हर आतपर्यंत पांढरट राखाडी असते. त्यात चांदी मुळीच नसते; तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे.

३. तार मागताना क्रमांकाची खात्री करा

माझा पहिला पिकअप इथेच वाया गेला. विजेच्या तारांच्या दुकानात जाऊन मी '४२ नंबरची इनॅमल तार' मागितली आणि दुकानदाराने अगदी प्रामाणिकपणे ४२ नंबरचीच तार दिली. बॉबिन २,००० वेढेही न होता काठोकाठ भरली आणि मीटरने एक हजार ओहमसुद्धा दाखवले नाहीत.

कारण असे, की आपल्याकडे तारेचा क्रमांक बहुतेक ठिकाणी ब्रिटिश पद्धतीचा म्हणजे एसडब्ल्यूजी असतो, तर गिब्सनची मोजमापे अमेरिकी एडब्ल्यूजीमध्ये आहेत. ४२ एसडब्ल्यूजी तारेचा व्यास सुमारे ०.१०२ मिमी असतो आणि ४२ एडब्ल्यूजी तारेचा ०.०६३५ मिमी. आपल्याकडची ४६ एसडब्ल्यूजी तार ०.०६१ मिमीची असल्याने ती सर्वांत जवळची ठरते. सरावाच्या कॉइलसाठी ती चांगली आहे, पण शेवटच्या कामासाठी ४२ एडब्ल्यूजीचीच मागवा. दुकानात नंबर सांगण्याऐवजी नेहमी मिलिमीटरमध्ये व्यास सांगा.

तारेवरचे वेष्टनही तितकेच महत्त्वाचे आहे. मूळ पिकअपमधली साध्या एनॅमलची तार जांभळट तपकिरी दिसते. १९६० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास गिब्सनने पॉलियुरेथेन वेष्टनाची तार वापरायला सुरुवात केली आणि तिचा रंग तांबूस नारिंगी आहे. वेष्टनाची जाडी बदलली की वेढ्यांमधले अंतर बदलते आणि त्याचा परिणाम आवाजाच्या वरच्या टोकावर होतो. नवख्या माणसाला आणखी एक फरक जाणवतो: पॉलियुरेथेन सोल्डरच्या उष्णतेने जळून जाते, पण साधे एनॅमल जळत नाही. ते पॉलिश पेपरने खरवडूनच काढावे लागते, नाहीतर वरून झकास दिसणारा जोड आतून कोराच राहतो.

४. बॉबिन गुंडाळा

ही पायरी सर्वांत संथ आहे आणि तिच्यात घाई करणाऱ्याला तार लगेच धडा शिकवते. तिची जाडी माणसाच्या केसाएवढी असते आणि शंभर ग्रॅमपेक्षाही कमी ओढ तिला तोडायला पुरते.

सुरुवातीला खोलीतला पंखा बंद करा. तार हवेत थरथरली की बॉबिनीच्या काठाला अडकते. रीळ जमिनीवर उभे ठेवा, म्हणजे ते न फिरता तार त्याच्या वरच्या टोकावरून अलगद सुटत वर येईल. रीळ आडवे ठेवून फिरू दिले तर प्रत्येक झटक्याला तुटण्याची भीती असते. तार अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलेल्या फेल्टच्या दोन छोट्या तुकड्यांमधून जाऊ द्या. ओढ इतकीच असावी, की भरलेली कॉइल बोटाने हलके दाबली तर किंचित दबेल पण वेढे सरकणार नाहीत.

तारेचे पहिले टोक खरवडून ते पाच-सहा सेंटीमीटर लांबीच्या मऊ वायरला सोल्डर करा आणि तो जोड कागदी टेपच्या तुकड्याखाली दाबून बॉबिनीच्या गाभ्यावर बसवा. हे टोक कॉइलच्या सर्वांत आत राहते. ते तुटले तर सगळे वेढे सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. माझा दुसरा पिकअप असाच गेला: ४,८०० वेढे झाल्यावर आतली वायर हाताला लागून निघाली, कारण मी तिच्यावर टेप लावण्याचा कंटाळा केला होता.

पहिले पाचशे वेढे मिनिटाला दोनशेच्या गतीने घ्या आणि मग हाताला सवय होईल तसा वेग वाढवा. तार एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत संथपणे नेत राहा. प्रत्येक पाचशे वेढ्यांना थांबून वहीत आकडा लिहा. काउंटर घसरला तरी हिशेब राहतो. प्रत्येक बॉबिनीवर ५,००० वेढे हे जुन्या घडणीचे प्रमाण धरून चला.

मूळ पिकअप मात्र इतके शिस्तबद्ध नव्हते. ठरावीक वेढ्यांवर आपोआप थांबणारी सोय गिब्सनच्या यंत्रांना सुरुवातीच्या वर्षांत नव्हती आणि बॉबिन भरलेली दिसली की कामगार थांबत असत. त्यामुळे पीएएफ पिकअप ७ किलोओहमपासून ९ किलोओहमपर्यंत सापडतात आणि एकाच पिकअपच्या दोन कॉइलही क्वचितच सारख्या असतात. या असमतोलामुळे घरघर पूर्णपणे मरत नाही, पण आवाजात एक प्रकारची धार उरते, जी मला स्वतःला फार प्रिय आहे. तुम्ही पहिला पिकअप समसमान बांधा. दुसऱ्यात स्क्रूच्या कॉइलवर दीड-दोनशे वेढे जास्त घेऊन फरक ऐका.

शेवटचे टोकही मऊ वायरला जोडून, त्यावर काळी कागदी टेप दोन वेढे गुंडाळा. दोन्ही बॉबिनी एकाच दिशेने गुंडाळायच्या आणि आतल्या व बाहेरच्या टोकांच्या वायरींना वेगवेगळ्या खुणा करून ठेवायच्या.

५. चुंबक निवडा आणि सांगाडा जुळवा

पीएएफच्या काळात गिब्सन अल्निको २, ३, ४ आणि ५ यांपैकी हाताला येईल तो चुंबक वापरत असे. १९६१ च्या सुमारास थोडा आखूड चुंबक आला आणि तो बहुधा अल्निको ५ असे. या चौघांत ५ सर्वांत जोरदार आहे. अल्निको ३ मध्ये कोबाल्ट नसतो आणि तो सर्वांत मवाळ असतो. माझ्या मते पहिल्यांदा बांधणाऱ्याने ब्रिजसाठी ५ आणि नेकसाठी (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपसाठी) २ घ्यावा. चुंबक बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे, त्यामुळे या निर्णयात अडकून पडू नका.

चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन लांब कडांवर असतात, टोकांवर नसतात. होकायंत्र जवळ नेऊन कोणती कड उत्तर आहे ते पाहा आणि तिच्यावर पेन्सिलने खूण करा. प्रचलित पद्धतीत स्लगच्या कॉइलकडे उत्तर आणि स्क्रूच्या कॉइलकडे दक्षिण ध्रुव येतो, पण तुमच्या गिटारवर दुसरा पिकअप आधीपासून असेल तर त्याच्या खांबांवर होकायंत्र धरून त्याच्याशी जुळवून घ्या.

स्लग लाकडाच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये धरून शेगड्यात (व्हाइसमध्ये) हळूहळू दाबून बसवा. हातोडी मारली तर बॉबिनीला तडा जातो. त्यानंतर तळपट्टीवर मधोमध चुंबक, त्याच्या एका कडेला चिकटून कीपर पट्टी, दुसऱ्या कडेला स्लगची खालची टोके आणि त्यांच्या पलीकडे मेपलची पट्टी अशी रचना येते. पितळेचे चार स्क्रू खालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्लग आणि चुंबक यांच्यात कागदाएवढीही फट राहता कामा नये, म्हणून उजेडासमोर धरून पाहा.

६. तारा जोडा

दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळलेल्या असल्याने सारखी टोके एकमेकांना जोडायची असतात, म्हणजे बाहेरचे टोक बाहेरच्या टोकाला. उरलेल्या दोन आतल्या टोकांपैकी एक वायरीच्या मधल्या वाहकाला जाते आणि दुसरे जाळीला. जाळी तळपट्टीलाही सोल्डर करायची असते.

कायमचा जोड देण्यापूर्वी टोके नुसती पिळून पिकअप चिमट्यांनी अॅम्प्लिफायरला लावा आणि एखाद्या ट्रान्सफॉर्मरजवळ धरा. मग एका कॉइलची टोके उलटवून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत घरघर कमी येते ती बरोबर. माझ्या तिसऱ्या पिकअपमध्ये मी ही तपासणी न करताच कव्हरसुद्धा सोल्डर केले. घरघर दुप्पट आणि तारांचा आवाज टिनच्या डब्यातून आल्यासारखा पातळ, असा तो लागला.

दुसरा एक सापळा पिकअप गिटारवर बसवल्यावर समोर येतो. दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ झाला, तर नवा पिकअप जुन्याच्या विरुद्ध आहे असे समजावे. अशा वेळी अनेकजण मधला वाहक आणि जाळी यांची अदलाबदल करतात. तसे कधीही करू नका, कारण जाळी तळपट्टीला आणि कव्हरला जोडलेली असते. सगळे कव्हरच अँटेना होऊन बसते. चुंबक बाहेर काढून त्याच्या कडांची बाजू बदलावी, म्हणजे काम होते.

७. मोजा, पण तापमानासह

४२ एडब्ल्यूजी तारेचे ५,००० अधिक ५,००० वेढे असतील तर मीटर साधारणपणे साडेसात ते आठ किलोओहम दाखवेल. फक्त दोन-तीन किलोओहम दिसले तर कुठेतरी वेढे आपसात चिकटले आहेत आणि काहीच दिसले नाही तर तार तुटली आहे किंवा एनॅमल नीट खरवडलेले नाही.

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ८.०० किलोओहम दाखवणारा पिकअप ३५ अंशांवर जवळपास ८.४७ दाखवतो. म्हणजे पुण्यात जानेवारीच्या सकाळी मोजलेला आणि एप्रिलच्या दुपारी मोजलेला तोच पिकअप कागदावर दोन वेगळे पिकअप वाटू शकतो. सोल्डर केल्यावर किंवा हातात बराच वेळ धरल्यावर लगेच मोजू नका. तासभर टेबलावर ठेवा आणि आकड्याशेजारी खोलीचे तापमान लिहा. शिवाय ओढून गुंडाळलेली तार किंचित ताणली जाऊन बारीक होते आणि कमी वेढ्यांतही जास्त ओहम दाखवते. म्हणूनच मी वहीत आधी वेढे लिहितो, मग चुंबकाचा प्रकार आणि शेवटी ओहम. कोणाकडे एलसीआर मीटर असेल तर इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला कॉइल किती विरोध करते त्याचे हेन्रीमधले माप) मोजून घ्यावा. या घडणीत तो ४ ते ४.५ हेन्रीच्या आसपास येतो आणि ओहमपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

८. मेण आणि कव्हर

मूळ पीएएफ मेणात बुडवलेले नसत. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याला मात्र शिट्टीसारखा फीडबॅक त्रास देऊ शकतो. मेण वापरायचे ठरवले तर पॅराफिनमध्ये पाचवा हिस्सा मधमाशीचे मेण मिसळा, भांडे गरम पाण्यात ठेवूनच वितळवा आणि तापमान ६५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, कारण ब्युटिरेट मऊ पडून वाकते. थेट आचेवर मेण पेट घेते. कव्हर बसवताना ते बॉबिनींवर घट्ट दाबून धरा आणि तळपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक सोल्डरचा ठिपका चटकन द्या.

तुमच्या हाती एखादा मूळ जुना पिकअप आला तर कुतूहलापोटी त्याचे कव्हर उघडू नका. कारखान्यात दिलेले सोल्डर अखंड असणे ही त्याच्या खरेपणाची मोठी खूण आहे आणि ती एकदा गेली की परत येत नाही. त्याचप्रमाणे स्वतः बांधलेल्या पिकअपवर जुनी पट्टी छापून चिकटवू नका. आज ना उद्या तो कोणाच्या तरी हाती मूळ म्हणून विकला जाईल.

९. गिटारवर बसवा

पाचशे किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आणि टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही जुनी जोडी वापरा. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरल्यावर तार आणि खांब यांत ब्रिजकडे सुमारे १.६ मिमी आणि नेककडे २.४ मिमी अंतर ठेवून सुरुवात करा. त्यानंतर अर्धा तास अॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजावर ठेवून ऐका. एखादी तार दबलेली वाटली तर तिचा स्क्रू एका वेळी पाव फेरी वर घ्या. स्लगची बाजू अशी हलवता येत नाही, म्हणून उंची आधी संपूर्ण पिकअप तिरपा करून साधा आणि स्क्रूंना शेवटी हात लावा.